शेवटची पंगत

आमच्या सोसायटीच्या सभेत परवा विजेच्या मोटारींचा प्रश्न निघाला. अशा मोटारी तूर्त तीनच. माझ्याकडे सायकल, तेव्हा मी अगदी निःस्वार्थी, असे मला आपले वाटले! ‘ज्याची मोटार त्याने तार ओढावी’ या ठरावाला मी हात वर केला.

घरी येऊन हिशेब मांडला. घरगुती जाड पिनेच्या जोडणीतून मोटार ताशी सुमारे 3 युनिट वीज घेते. 30 युनिटांची बॅटरी भरायला रात्र लागते. तीन मोटारींचा भार इमारतीची जुनी केबल निमूट सोशील. दहावी आली की केबल बदलणे आले, आणि तो खर्च त्या दहाव्याच्या माथी! पहिल्या पंक्तीने तूप ओरपायचे नि शेवटच्या पंक्तीने गाय विकत आणायची. हा दहावा बहुधा कर्ज काढून जुनी मोटार घेणारा.

केंद्र सरकारने 2018 मध्ये शहरांत 3 किलोमीटर लांबीरुंदीच्या प्रत्येक चौकोनात एक चार्जिंग केंद्र असावे, असे ठरवले. 2019 मध्ये नव्या इमारतींच्या वाहनतळात 20 टक्के सोयीचे नमुना नियम आले. पण जुन्या इमारतींचे काय? आणि चाळीतल्या माणसाचे, ज्याची मोटार रस्त्यावरच निजते?

बरे, वर्गणी सर्वांनी द्यावी, तर चौथ्या मजल्यावरच्या एकट्या मावशींनी का द्यावी? मी त्यांनाच विचारले.

“अहो मास्तर, लिफ्टचे पैसे तुम्ही तळमजल्यावरचे देताच ना?”

देतो, कुरकुरत देतो. पुढच्या सभेत ठराव फिरवण्याची सूचना मीच मांडणार आहे. चिटणीस चिडणार.