सांभाळणाऱ्याची सही

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा उमरखेड, पुसद, महागाव या तालुक्यांतल्या तांड्यांवर कितीतरी घरांना कुलपं लागलेली असतील. दसरा आटोपला की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. ऊसतोडीला न जाणारे पुण्याला, मुंबईला, हैदराबादला बांधकामावर जातात. अंगावरची लेकरं आईसोबत फडात जातात. शाळेत जाणारी मागे राहतात, कुणी आजी-आजोबांकडे, कुणी काका-मामांकडे, कुणी हंगामी वसतिगृहात, तर उमरखेडच्या जंगलपट्ट्यातल्या बंदी भागातली बरीच आश्रमशाळेत. हे इतकं सवयीचं झालं आहे की त्यात काही विचारण्यासारखं आहे असं कुणाला वाटत नाही.

मला मात्र एक विचारायचं आहे. या पाच-सहा महिन्यांत मागे राहिलेल्या लेकराचं अपेंडिक्स दुखायला लागलं, हाड मोडलं, रक्त चढवायची वेळ आली, तर संमतीपत्रावर सही कुणी करायची?

दवाखान्यात काय होतं ते या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. आजी नातवाला घेऊन येते. भूल द्यायची म्हणून फॉर्म पुढे येतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "आजी, पोराचे मायबाप कुठं आहेत?" आजी म्हणते, "ते तं कारखान्यावर गेले ना बाई." मग फोन. बाप उसाची गाडी भरत असतो, फोन खोपीत चार्जिंगला असतो. काका आहे, पण तो सही करायला कचरतो, कारण उद्या काही झालं तर भाऊ जाब विचारील. तास-दोन तास असेच जातात आणि शेवटी पोराला नांदेडला न्यायचं ठरतं. उमरखेडकरांना जिल्ह्याच्या यवतमाळपेक्षा नांदेड जवळचं, त्यामुळे रेफर झालेले बरेच रुग्ण तिकडेच जातात. तिथेही फॉर्म तोच आणि प्रश्नही तोच.

यात डॉक्टरला खलनायक ठरवणं मला पटत नाही. शस्त्रक्रियेत काही कमी-जास्त झालं आणि बाप येऊन म्हणाला, "मला न विचारता माझ्या पोराला कापलंच कसं?" तर त्या डॉक्टरच्या मागे कोण उभं राहणार आहे? त्याची भीती खरी आहे. ती कायद्याच्या धूसरपणातून आलेली आहे.

आपल्याकडे मुलांच्या उपचारांच्या संमतीविषयी असा एक सलग कायदा नाहीच. १८७५ चा सज्ञानतेचा कायदा अठराव्या वर्षी माणसाला सज्ञान मानतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही. या दोन्हींवर बोट ठेवून दवाखाने अठराची रेषा पाळतात. फौजदारी कायद्याची रेषा मात्र बारा वर्षांवर आहे. जुन्या दंड संहितेचं कलम ८९, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २७, सांगतं की बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, सद्हेतूने, पालकाच्या किंवा ज्याच्याकडे मुलाचा कायदेशीर ताबा आहे अशा इतर व्यक्तीच्या संमतीने केलेली गोष्ट गुन्हा ठरत नाही. बारा वर्षांवरच्या मुलाने स्वतः हो म्हटलं असेल तर ते फौजदारी खटल्यात डॉक्टरच्या कामी येऊ शकतं. पण नुकसानभरपाईच्या दाव्यात ते टिकेल, असं छातीवर हात ठेवून कुठलाही वकील सांगणार नाही. म्हणजे बारा ते अठरा या सहा वर्षांत मूल एका कायद्याच्या लेखी जाणतं आहे आणि दुसऱ्याच्या लेखी अजाण.

जीव धोक्यात असेल तेव्हा तरी शंका उरू नये. संहितेच्या कलम ३० खाली दिलेलं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. अपघात झालेल्या मुलावर लगेच शस्त्रक्रिया केली नाही तर ते दगावेल, पालकाला विचारायला वेळ नाही, मूल गयावया करतं आहे, तरीही सर्जन त्याच्या भल्यासाठी शस्त्रक्रिया करतो. त्याने गुन्हा केला नाही, असं कायदा स्वच्छ सांगतो. हे उदाहरण १८६० च्या संहितेपासून चालत आलं आहे. कापसाच्या रानात साप चावलेल्या पोराला इंजेक्शन देण्यासाठी कुणाच्याही सहीची वाट पाहायची नसते. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना हेच बजावलं होतं: आधी जीव वाचवा, बाकीच्या औपचारिकता नंतर.

अडचण येते ती मधल्या दुखण्यांची. आज मरणार नाही, पण उपचार लांबवणंही बरं नाही, अशी. मोडलेलं हाड, हर्निया, वाढत चाललेली गाठ, क्षयाच्या तपासण्या. यात 'पालक' कोण?

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ प्रमाणे नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्यानंतर आई. हे 'त्याच्यानंतर' म्हणजे तो मेल्यावर, असंच कित्येक दशकं धरलं गेलं. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ साली मुलाच्या नावे रोखे घेताना पालक म्हणून स्वतःची सही केली, ती रिझर्व्ह बँकेने मानली नाही. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 'त्याच्यानंतर' म्हणजे 'त्याच्या गैरहजेरीत'. दारू पिऊन घर सोडून गेलेल्या, लेकराकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या बापाच्या सहीसाठी आईला तिष्ठत ठेवणाऱ्या प्रत्येक खिडकीवर हा निकाल लावून ठेवायला हवा. पण आईही फडावर असेल तर? आजीचं नाव त्या कलमात नाही. काकाचंही नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून पालकत्वाचा हुकूम आणता येतो, हे खरं. बिटरगाव-ढाणकीकडच्या एखाद्या म्हातारीने नातवाच्या हर्नियासाठी पुसदला वकील गाठून असा हुकूम आणावा, असं सुचवायचीही मला लाज वाटेल.

खरं तर कायद्याला योग्य व्याख्या सुचलेली आहे, फक्त दुसऱ्याच खोलीत ठेवलेली आहे. १९७१ च्या गर्भपात कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते, आणि तिथे पालक म्हणजे अज्ञान व्यक्तीचा सांभाळ करणारी व्यक्ती, इतकंच म्हटलं आहे. रक्ताचं नातं नको, हुकूम नको. जो सांभाळतो तो पालक. गर्भपातासारख्या नाजूक बाबतीत जी व्याख्या पन्नासहून जास्त वर्षं चालली, ती मोडलेल्या हातासाठी का चालू नये, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

आता या भागातल्या सगळ्यात अवघड गाठीकडे येतो. ऊसतोडीला जाताना वयात आलेली पोरगी मागे एकटी कशी ठेवायची, म्हणून तिचं लग्न उरकलं जातं. तोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे कोयता लागतो, हेही एक कारण असतं. सोळा-सतराव्या वर्षी ती दवाखान्यात बाळंतपणासाठी येते. सिझर करायचं आहे. तिची सही चालत नाही. मग कुणाची चालते? १९५६ च्या त्याच कलमात लिहिलं आहे की विवाहित अज्ञान मुलीचा नैसर्गिक पालक तिचा नवरा. तो नवरा अठरा वर्षांवरचा असेल तर २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हेगार आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखालीही तो आरोपी होऊ शकतो, आणि डॉक्टरला कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'इंडिपेंडंट थॉट' खटल्यात पंधरा ते अठरा वयाच्या पत्नीशी केलेला संबंध बलात्कार ठरवल्यावर तर शंकाच राहिली नाही. म्हणजे तिच्या शरीराबद्दल निर्णय घेण्याचा अधिकार आपण ज्याला देतो, त्याच्याच विरुद्ध त्याच संध्याकाळी फिर्याद नोंदवतो.

आणि बाळ जन्मल्यावर? १८९० च्या कायद्याचं कलम २१ म्हणतं की अज्ञान व्यक्तीला दुसऱ्या अज्ञानाचं पालक होता येत नाही, स्वतःचं मूल सोडून. म्हणजे त्या पोरीला आपल्या बाळाच्या उपचाराचा निर्णय घेता येईल. स्वतःच्या पोटावरच्या टाक्यांचा नाही. नवऱ्याला पालक ठरवणारं १९५६ चं ते वाक्य संसदेने तत्काळ काढून टाकायला हवं. त्याला पर्याय म्हणून फार मोठं काही उभारायचीही गरज नाही. सोळा वर्षांवरच्या मुलीने आपल्या बाळंतपणाच्या कागदावर स्वतः सही करावी, आई किंवा सासू सोबत असावी, एवढ्याने काय बिघडेल? इंग्लंडमध्ये १९६९ च्या कायद्याने सोळा पूर्ण झालेल्यांची वैद्यकीय संमती पूर्ण धरली जाते. १९८५ च्या गिलिक खटल्यानंतर तर सोळाच्या खालचं मूलही, समज पुरेशी असेल तर, स्वतः हो म्हणू शकतं.

इंग्लंडचा दाखला दिला की आपल्याकडे लगेच 'आपली मुलं वेगळी' असं ऐकू येतं. म्हणून आपल्याच संसदेचा दाखला देतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं कलम ३२ असं आहे: एचआयव्हीबाधित कुटुंबाचा गाडा ओढणारं, पुरेशी समज असलेलं बारा ते अठरा वयाचं मूल आपल्या धाकट्या भावंडांचं पालक होऊ शकतं. शाळेत घालण्यासाठी, बँकेच्या खात्यासाठी आणि उपचारांसाठीही. आईबाप गमावलेल्या घरांत बारा वर्षांची ताई भावाला औषधाला घेऊन येते, हे कायदा करणाऱ्यांनी पाहिलं आणि कागदावर तिला जागा दिली. तांड्यावरही बारा वर्षांची ताई असते. तिच्याकडे कुणी पाहिलेलं नाही.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. सांभाळणाऱ्याची सही चालवली तर वसतिगृहाचे अधीक्षक, आश्रमशाळेचे मुख्याध्यापक गठ्ठ्याने सह्या करतील. हे झालेलं आहे. आपल्यापासून फार दूरही नाही, तेव्हाच्या आंध्रातल्या आणि आताच्या तेलंगणातल्या खम्मम जिल्ह्यात. २००९ मध्ये 'पाथ' या संस्थेच्या प्रकल्पात तिथल्या दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस दिली गेली. त्यांत आदिवासी वसतिगृहांतल्या मुली पुष्कळ होत्या. २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालात आलं की २,७६३ संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लशीशी संबंध दिसला नाही. लस वाईट नव्हती, आज ती आपल्या मुलींना मिळायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. वाईट होतं ते न विचारणं. त्याचा तोटा पुढे लशीलाच झाला, कारण संशय एकदा रुजला की वर्षानुवर्षं जात नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली. तीच मोहीम दिल्लीत निघाली तेव्हा जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने पालकांना सगळी माहिती देऊन त्यांची संमती घ्या, असं सरकारला सुनावलं.

म्हणून मी फरक करतो. लेकरू आजारी आहे आणि त्याला उपचार हवा आहे, तिथे त्याला सांभाळणाऱ्या नातेवाइकाची सही पुरेशी धरावी. गरज संस्थेची आहे, प्रयोग आहे, मोहीम आहे, तिथे आईबापांनाच विचारावं, मग ते सांगलीला असोत की बेळगावला. अधीक्षकाचा अधिकार तातडीच्या आणि किरकोळ दुखण्यांपुरता ठेवावा.

शिवाय लेकरालाही विचारावं. औषधाच्या चाचणीत सात वर्षांवरच्या मुलाचा होकार घ्यायचा दंडक आपल्याकडे आहे. पण त्याच मुलाचं पोट उघडायचं असेल तर त्याला काही सांगण्याचीही सक्ती नाही. एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका चौदा वर्षांच्या अत्याचारित मुलीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. उच्च न्यायालयाने नाकारलेली गर्भपाताची परवानगी २२ तारखेला मिळाली. आईबापांना तिच्या जिवाची काळजी वाटू लागली आणि २९ तारखेला हुकूम मागे घेतला गेला. त्या निकालात एक गोष्ट न्यायालयाने नोंदवून ठेवली: अज्ञान मुलीचं मत पालकांहून वेगळं असेल तर तिच्या मताला महत्त्व द्यावं लागेल. इतक्या टोकाच्या प्रसंगात जे मान्य झालं, ते उमरखेडच्या बाह्यरुग्ण विभागात रोज व्हायला काय हरकत आहे? "बाळा, उद्या तुझं ऑपरेशन आहे, असं असं करणार आहोत, तुला काही विचारायचं आहे का?" त्याचं उत्तर केसपेपरवर दोन ओळींत लिहावं. घाबरलेलं मूल नाही म्हणालं तरी उपचार थांबणार नाही, पण निदान रात्री कुणीतरी त्याच्या खाटेजवळ बसून समजावील.

सहीची सोय करणं त्याहून सोपं आहे. कॅलिफोर्नियात मूल सांभाळणाऱ्या नातेवाइकाला एक साधं प्रतिज्ञापत्र भरून उपचारांना संमती देता येते, कोर्टात जावं लागत नाही. आपल्याकडे ऊसतोड कामगारांना ग्रामसेवकांमार्फत ओळखपत्रं द्यायचं सरकारने ठरवलेलं आहे. त्याच अर्जात एक रकाना वाढवावा: मागे राहणारी मुलं कोणती, त्यांना कोण सांभाळणार आणि उपचाराची संमती देण्याचा अधिकार त्यांना देता का? आई आणि बाप दोघांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत. नवऱ्याने टाकलेली बाई असेल तर तिची एकटीची सही पुरेशी धरावी, आणि आजी-आईचं पटत नसेल तर आईला मावशीचं नाव लिहिता यावं. एक प्रत आशाताईकडे, एक शाळेत, एक आजीच्या पिशवीत. बांधकामावर जाणाऱ्यांसाठीही ग्रामपंचायतीत तोच फॉर्म असावा. हे करायला विधिमंडळाचं अधिवेशन लागत नाही. आरोग्य, सामाजिक न्याय आणि ग्रामविकास या तीन खात्यांचा एक शासन निर्णय पुरेल, आणि तो टोळ्या निघायच्या आधी, भाद्रपदात गावात पोचायला हवा.