देव्हाऱ्यांतील देव आणि आपला हात

खेड्यांतील आमच्या मंडळ्यांत अशीं पुष्कळ घरें आहेत कीं, मुलगा व सून ख्रिस्ती झालीं, पण म्हातारी आई आपल्या जुन्या धर्मांत राहिली. तिचा देव्हारा त्याच घराच्या कोनाड्यांत असतो. तेव्हां बंधु विचारितात, “हा देव्हारा आम्हीं उचलून नदींत टाकावा काय?” उत्तर देण्यापूर्वीं त्या देव्हाऱ्यांत काय आहे, हें समजून घेतलें पाहिजे.

त्यांत खंडोबाचा व भवानीचा टाक असतो; टाक म्हणजे सोनारानें चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठविलेली लहानशी आकृति. कित्येक घरीं मेलेल्या वडिलांचाही टाक असतो. लग्नांत माहेराहून आलेली अन्नपूर्णा असते. आईच्या दृष्टीनें हे धातूचे तुकडे नव्हेत. त्यांत तिचें कूळ, तिचें माहेर व तिचीं गेलेलीं माणसें आहेत.

“हिंदु लोक मातीलाच देव मानितात,” असें आपल्यांतील कोणी म्हणतात. हें पुरतें खरें नाहीं. भाद्रपदांत ते मातीचा गणपति आणितात, प्राणप्रतिष्ठा करितात, पाहुण्याप्रमाणें आसन, स्नान, वस्त्र, नैवेद्य असे सोळा उपचार करितात, आणि नेमिल्या दिवशीं तीच माती पाण्यांत सोडितात. मातीच देव असती तर ती बुडविण्यास त्यांचा हात धजला नसता. पूजणाऱ्याच्या मनांत जें नाहीं तें त्याच्या माथीं मारणें ही शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष होय, आणि तिची मनाई नवव्या आज्ञेंत आहे.

यामुळें आमचा विश्वास डळमळत नाहीं. ज्यानें आकाश व पृथ्वी केली त्यास आपण बोलावून आणावें व मग निरोप द्यावा, असें होत नाहीं. तोच आपणांस बोलावितो. म्हणून ख्रिस्ती मनुष्यानें त्या देव्हाऱ्यापुढें हात जोडूं नयेत. आईनें रडून सांगितलें तरी नम्रपणें नाहीं म्हणावें.

परंतु आईचे देव उचलण्याचा अधिकार त्यास कोठून आला? राहेलीनें आपल्या बापाच्या घरचे देव चोरून नेले; त्यापासून भांडण मात्र उत्पन्न झालें. पुढें याकोबानें आपल्या घराण्यास परके देव टाकावयास सांगितलें, तेव्हां त्यांनीं ते आपण होऊन त्याच्या हातीं दिले, आणि त्यानें ते शखेमाजवळ एका झाडाखालीं पुरले. चोरलेला देव चोरणाऱ्याच्या गळ्यांत पडतो. दिलेला देव देणाऱ्याच्या मनांतून जातो. इफिसांतही पौलाच्या सोबत्यांविषयीं नगराच्या लेखकानें सर्वांदेखत सांगितलें कीं, यांनीं देऊळ लुटिलें नाहीं व आमच्या देवीची निंदा केली नाहीं.

आपल्याच देशांतील उदाहरण पाहा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० सालीं. पांच वर्षांनीं त्या आल्या, त्या आपल्या मनानें आल्या.

तर बंधूंनो, आईची पूजा आईची तिनें करावी. आपण तिचें पाणी भरावें, तिच्या दुखण्यांत तिचे पाय चेपावे, व तिच्यासाठीं प्रार्थना करावी. तिनें आपण होऊन देव दिले तर आदरानें घ्यावे. तसेंच ती वारली तर टाक मोडीस घालून त्यांचे पैसे करूं नयेत. ज्या नातलगांचा त्यांवर भाव आहे त्यांस ते पोंचवावे. उपदेशक बंधूंनीं हें आपापल्या मंडळीस समजावून सांगावें, अशी आमची विनंति आहे.