दिंडीची बत्ती आणि चंद्रकांत मणी

सज्जनहो, ज्येष्ठ महिन्यात नेरूळ गावी आमचे कीर्तन होते. सिडको १९७० साली स्थापन झाली, खाडीकाठची भातशेते जाऊन नवी मुंबई उभी राहिली. पण गावचे देऊळ आणि गावची दिंडी जागच्या जागी आहे. दोन दिवसांनी मंडळी आळंदीस निघावयाची, म्हणून कीर्तन आटोपल्यावर माळ्यावरची टाकीवाली गॅसबत्ती खाली काढली. पेटवतात, तर पेटेना!

एक पोर काडीमागून काडी ओढते आहे, चावी सताड उघडी, आणि वृद्ध विणेकरी बोलताहेत, "एक काम सांगितलं, तेही तुला जमंना!" पोराचे डोळे भरले. आम्ही म्हटले, "बुवा, जरा थांबा. बाळ, आधी चावी बंद कर. ती उदबत्ती विझव, दारे उघड. विजेच्या बटणाला हात नको. हा गॅस हवेहून जड, जमिनीलगत साचतो. वास जाईपर्यंत काडी ओढायची नाही."

पाठशाळेत न्यायशास्त्र शिकताना चंद्रकांत मण्याचा दृष्टांत येई. लाकूड आहे, अग्नी आहे, पण जवळ तो मणी ठेवला की दाह होत नाही. म्हणून नैयायिक म्हणतात, कार्य व्हावयास सामग्री हवी, तसाच प्रतिबंधकाचा अभावही हवा. तर आता हा मणी कुठे?

सामग्री मोजली. टाकी उचलून पाहिली, जड होती. मेंटल नवेच बांधलेले. (ऑस्ट्रियाच्या वेल्सबाख नावाच्या रसायनज्ञाने १८८५ साली ही युक्ती काढली. कापड जळून जाते, राखेची जाळी उरते, आणि ती राखच तापून उजेड देते! मात्र बोट लागले की संपली.) दारे उघडी ठेवून चावी किंचित फिरवली. सूं आवाज आला. पण वास यायचा तो खालच्या, हवेच्या भोकांपाशी. वर मेंटलापर्यंत काही पोचतच नव्हते. म्हणजे अडथळा मधल्या नळीत. चावी बंद करून नळी सोडवली, तो आत कोळ्याने पांढरे शुभ्र घर केलेले! फडक्याने नळी पुसली. जेटच्या बारीक भोकात मात्र तार खुपसू दिली नाही. ते मोठे झाले तर ज्वाला भडकते. सांध्यांना साबणाचे पाणी लावले, बुडबुडा आला नाही. मग काडी लावली आणि ओसरी उजळली.

आपणही, सज्जनहो, काड्याच वाढवतो. जप वाढवला, एकादशी धरली, वारी केली. आत अंधार तो अंधार. नळी कोण सोडवून पाहतो? आमच्याच मनात एका जुन्या टाळकऱ्याविषयी अढी होती. बारा वर्षे आम्ही अभेदाचे निरूपण करीत होतो आणि तो समोर आला की वाट बदलत होतो. लोक माना डोलावीत. आमचे आम्हांस ठाऊक होते.

हे बोलत असता विणेकरीबुवा हळूच म्हणाले, "महाराज, गेल्या वर्षी ही बत्ती उघडीच माळ्यावर मीच टाकली होती." आणि उठून ते त्या पोराच्या पाया पडले. वारकऱ्यांची ही रीतच. पण पोर गांगरले, तेही खाली वाकले, दोघांची डोकी एकमेकांवर आपटली!

निघताना आम्ही पोराला बजावले: बत्ती कापडात बांधून ने. राहुटीत पेटवलीस तर कनात उघडी ठेव, आणि निजण्यापूर्वी टाकीची चावी बुवांना दाखवून बंद कर.