मातृभाषेचे ऋण कोणावर?

यवतमाळ जिल्ह्यात दिवाळीची अमावास्या दोन भाषांत साजरी होते. गावात लक्ष्मीपूजन आटोपते, अंगणात पणत्या लागतात, फटाके वाजतात. आणि गावाबाहेर, माळाच्या उतारावर वसलेल्या बंजारा तांड्यात लग्न न झालेल्या मुली हातांत दिवे घेऊन घरोघर निघतात. प्रत्येक दारी थांबून घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या 'मेरा' म्हणतात. गाण्यातून मागितलेला तो आशीर्वाद असतो. दिवाळीपुरत्या यवतमाळ-पुसदहून, नागपूर-पुण्याहून आलेल्या मुलीही या रांगेत असतात. त्यांनाही गाणे येते. त्या गाण्याच्या भाषेत भांडायला सांगितले, तर मात्र त्यांतल्या पुष्कळजणी मराठीवर येतात. भांडण आणि हिशेब या दोन गोष्टी माणूस आपल्या खऱ्या भाषेत करतो, असे माझे जुने निरीक्षण आहे.

ही भाषा म्हणजे गोरमाटी. कोणी तिला बंजारा म्हणतात, कोणी लमाणी. तेलंगणात तीच लंबाडी होते. बोलणारे स्वतःला 'गोर' म्हणवतात आणि आपण बाकीचे सगळे त्यांच्या लेखी 'कोर'. कित्येक सुशिक्षितांचा समज असतो की ही वऱ्हाडीचीच एखादी मोडकी तऱ्हा असावी. तसे मुळीच नाही. 'तुझे नाव काय?' हा प्रश्न 'तारो नाम काँई छ?' असा विचारणाऱ्या भाषेचे गोत्र मारवाड-गुजरातेकडचे आहे. ग्रिअर्सनने आपल्या भाषा-पाहणीत 1907 सालीच तिला मराठीच्या खंडात न घालता भिल्ली भाषांच्या सोबतीला बसवले होते.

मारवाडाकडची भाषा पैनगंगेच्या खोऱ्यात आली ती बैलांच्या पाठीवरून. मीठ आणि धान्य वाहून नेणे हा या लोकांचा धंदा. मोगलांच्या फौजा दक्षिणेत उतरल्या तेव्हा त्यांच्या पोटाची काळजी या तांड्यांनी वाहिली. 1630 च्या सुमारास आसफखानाच्या फौजेबरोबर जंगी आणि भंगी नावाचे नायक एक लाख ऐंशी हजार बैल घेऊन आले, अशी कथा आहे. बैल कोणी मोजले होते, हे विचारू नये. खूश झालेल्या खानाने त्यांना ताम्रपट दिला म्हणतात: लोकांच्या रांजणातले पाणी घ्या, छपराचे गवत घ्या, आणि दिवसाला तीन खून माफ. ही हकीकत लिहून ठेवली एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडच्या पोलिस खात्यातल्या कंबरलेज नावाच्या साहेबाने. ज्या समाजाचा वृत्तान्त पोलिसाच्या हातचा, त्याच्याकडे राज्यकर्ते कोणत्या नजरेने पाहत असतील हे निराळे सांगायला नको. 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. तो 1952 साली उठला. महाराष्ट्रात हा समाज अजूनही 'विमुक्त' या शीर्षकाखाली नोंदला जातो. मध्यंतरी आगगाडी आली, बैलांच्या पाठीवरचा व्यापार बसला, आणि तांडे होते तिथे थांबले. माणसे थांबली, भाषाही त्यांच्याबरोबर थांबली.

फौजेच्या वाटेने आलेली आणि राज्य ओसरल्यावर मागे राहिलेली भाषा जगात ही एकटीच नाही. युरोपच्या आग्नेय टोकाला, बल्गेरिया, ग्रीस, मॅसिडोनिया या मुलखांत तुर्की बोलणारी गावे आहेत. चौदाव्या शतकापासून उस्मानी सत्तेबरोबर ही माणसे तिकडे गेली, शेती करू लागली. पुढे ती सत्ता ओसरली, गावे राहिली. त्यांच्या शेजाऱ्यांच्या बल्गेरियन भाषेत बाजार, दुकान, तोफ हे शब्द थोड्या वेगळ्या उच्चाराने आजही आहेत. तेच शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि आपण ते आपलेच मानले. शब्द पचवणे सोपे असते, माणसे पचवणे अवघड. आता तुर्क हे तिथले राज्यकर्ते होते, आणि बंजाऱ्यांनी फक्त राज्यकर्त्यांचे धान्य वाहिले. हा फरक मोठा आहे आणि तो विसरून चालणार नाही. पण राज्य गेल्यावर दोघांच्या मुलांपुढे प्रश्न एकच उभा राहिला: घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, यांत कोणती धरावी?

बल्गेरियाच्या तेव्हाच्या सरकारने या प्रश्नाचे उत्तर बंदुकीने दिले. 1984-85 च्या हिवाळ्यात तिथल्या तुर्कांची नावे सक्तीने बदलली. अहमद, फातिमा ही नावे जाऊन सरकारमान्य स्लाव्ह नावे कागदावर आली. चारचौघांत तुर्की बोलायला बंदी झाली. विरोध करणारी माणसे मेली, तुरुंगात गेली. 1989 च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक लोक सामान गाड्यांवर लादून तुर्कस्तानात निघून गेले. पुढे त्यांतले पुष्कळ परतले. सत्ता पालटल्यावर 1990 साली नावे परत मिळण्याची वाट कायद्याने मोकळी झाली आणि 2012 साली तिथल्या संसदेने त्या सक्तीचा निषेध नोंदवला. एवढा छळ होऊनही भाषा गेली नाही. ज्या शब्दासाठी दंड भरावा लागतो, तो शब्द माणूस हट्टाने मुलाच्या कानात घालतो.

आपल्याकडे असे काही घडले नाही. कोणी कोणाचे नाव बदलले नाही, तांड्यात गोरमाटी बोलला म्हणून कोणाला दंड झाला नाही. तरीही ती शहराच्या वेशीवर गळून पडते आहे, आणि ती टाकणारी माणसे शहाणी, प्रेमळ आणि कर्तबगार आहेत.

गेल्या वर्षी पुसदला एका परिचितांच्या घरी हा विषय निघाला. घरची सून तांड्यात वाढलेली, आता दवाखान्यात परिचारिका. चार वर्षांच्या मुलाशी ती निव्वळ मराठीत बोलत होती. माझ्याबरोबर आलेल्या एका साहित्यप्रेमी स्नेह्यांना ते सहन झाले नाही. एवढी गोड भाषा, एवढी समृद्ध लोकगीते, तुम्हीच ती जपली नाहीत तर कोण जपणार, असे ते कळकळीने बोलले. तिने सगळे ऐकून घेतले, चहाचा कप त्यांच्या हाती दिला आणि म्हणाली, "काकाजी, पयलीत होती तवा मले बाईचं बोलनंच समजे ना. पोरगी मुकी हाय म्हनून मले मांगं बसोलं. माहे दोन वर्सं तसेच गेले. आता पोराचेही देऊ का?"

माझे स्नेही गप्प झाले. मला मात्र या वाक्यात प्रश्नाचे मूळच सापडले असे वाटते. आपण अशा वेळी दोन प्रकारची उत्तरे देतो. एक पक्ष म्हणतो, भाषा हे साधन आहे. काम संपले की टाकावे, त्यात रडण्यासारखे काय? महाराष्ट्री प्राकृत गेली म्हणून का आपण सुतक धरतो? पण महाराष्ट्री गेली ती तिची मुले मुकी ठरली म्हणून नव्हे. ती बदलत बदलत आपल्या तोंडी आली. ही उपमा इथे लागू पडत नाही. दुसरा पक्ष माझ्या स्नेह्यांचा: भाषा हा वारसा आहे, आणि वारसा सांभाळणे हे वारसाचे कर्तव्य. ऐकायला हे उदात्त आहे. पण कर्तव्य सांगणारा स्वतः त्याचा खर्च उचलत नसेल, तर तो उपदेश फुकटचा ठरतो. त्या बाईने मोजलेली किंमत दोन वर्षांची होती. आपल्या नातवंडांची दोन वर्षे मराठीसाठी द्यायला आपल्यातले किती तयार आहेत, ते इंग्रजी शाळांच्या दारातल्या रांगा सांगतात.

मग ती आई मोकळेपणाने निवड करते, असे म्हणून विषय मिटवावा का? मला ते पटत नाही. दोन वाटांपैकी एकीवर काटे पसरून ठेवायचे, आणि माणूस दुसरीने गेला की 'त्याची इच्छा' म्हणायचे, ही कसली मोकळीक? बल्गेरियाच्या सरकारचा गुन्हा आणि आपली उदासीनता एका पारड्यात घालण्याचा अतिरेक मी करणार नाही. परंतु गुन्हेगार सापडत नाही म्हणून देणेही नाही, असे होत नाही. माझ्या मते ते देणे त्या आईकडे नाही. ते शाळेकडे आहे, म्हणजे शाळा चालवणाऱ्या आपल्या मराठी समाजाकडे आहे.

हे देणे मी कुठून उकरून काढलेले नाही. घटनेच्या 350-अ या कलमात, 1956 सालच्या दुरुस्तीने, भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा असे लिहिले आहे. 1956 हे साल मराठी माणसाला सांगावे लागत नाही. आपला कारभार आपल्या भाषेत व्हावा म्हणून त्याच काळात आपण रस्त्यावर उतरलो होतो, माणसे गमावली होती. 1960 साली राज्य मिळाले. 1964 साली मराठीला राजभाषा करणारा कायदा झाला तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक: पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, ज्यांचे बालपण तांड्यात गेले. अकरा वर्षांहून अधिक काळ या मराठी राज्याचा कारभार गोर घरातल्या माणसाने केला. 2024 साली मराठी अभिजात ठरली, आपण पेढे वाटले. दिल्लीपाशी आपण जे मागितले, त्यातले चिमूटभर तांड्याच्या पहिलीतल्या मुलाला देण्याची गोष्ट निघाली की मात्र आपल्याला अडचणी सुचू लागतात. शिक्षक कुठून आणणार? तांड्यांतून शिकून शिक्षक झालेली माणसे आपल्याच शाळांत आहेत. पहिली दोन वर्षे गोरमाटीत समजावून सांगत मराठीकडे न्यायचे. याला खर्च फारसा नाही. मुलाला मराठी यायलाच हवी, याविषयी त्या आईचे आणि माझे दुमत नाही. फक्त ती येण्याआधी त्याला मुका ठरवू नये.

संग्रह करून काम भागेल, असे मानणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बंजारा लग्नात नवरी 'ढावलो' गाते. आई, भाऊ, मैत्रिणी, एकेकाच्या गळ्यात पडून, रडत रडत, त्या त्या माणसाला उद्देशून ती शब्द जोडत जाते. चाल आणि वळणे जुनी, पण त्या दिवशीचे बोल तिचेच. आपल्या जात्यावरच्या ओवीतही बाईने आपले सुखदुःख असेच ओवले आहे. आता जाते गेले आणि ओवी पुस्तकात आली. ढावलो पुस्तकात छापता येतो, ध्वनिमुद्रित करता येतो. ते अवश्य करावे. पण ढावलो हे मुळात एक सामर्थ्य आहे: रडता रडता भाषेतून नवे काही घडवण्याचे. ते सामर्थ्य लहानपणी भांडून, खोटे बोलून, गोष्टी ऐकून येते. ज्या मुलीची भाषा गाण्यापुरतीच उरली, तिला छापलेला ढावलो वाचून रडावे लागेल.

शिवाय लिपीची आणखी एक गंमत आहे, जी खरे तर गंमत नाही. महाराष्ट्रातला गोर लेखक देवनागरीत लिहितो, तेलंगणातला तेलुगू लिपीत, कर्नाटकातला कन्नडमध्ये. एकमेकांचे बोलणे तिघांनाही समजते, पुस्तक समजत नाही. घटनेच्या आठव्या परिशिष्टात या भाषेला जागा नाही. आणि जनगणनेत ती एका नावाने उभीसुद्धा नाही: 2011 साली 'बंजारी' सांगणारे पंधरा लाखांवर, 'लमाणी-लंबाडी' सांगणारे बत्तीस लाखांवर, आणि दोन्ही रकमा हिंदीच्या खात्यावर जमा.

जनगणनेत मातृभाषेची एक व्याख्या आहे: लहानपणी त्या माणसाशी त्याची आई जी भाषा बोलली, ती त्याची मातृभाषा. पुढच्या जनगणनेला प्रगणक पुसदच्या त्या घरी जाईल. आई स्वतःपुढे बंजारा लिहवील. मुलापुढे, नियमाप्रमाणे, मराठी.