भिंतीवरची तसबीर

तसबीर बोलत नाही, असे आपण म्हणतो. पण तिच्याखाली उभ्या राहणाऱ्याला ती काहीतरी सांगतच असते. काय सांगते, ह्यावर अमेरिकेत गेली अनेक वर्षे वाद चालू आहे.

गुलामगिरी टिकावी म्हणून तेथील दक्षिणेकडची ११ राज्ये देशातून फुटली आणि त्यांनी 'कॉन्फेडरसी' स्थापन केली. १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. कॉन्फेडरसी हरली, गुलामगिरी कायद्याने संपली; पण तिच्या पुढाऱ्यांच्या तसबिरी सरकारी इमारतींत लागल्या आणि राहिल्या.

टेनेसी राज्यातील पुलास्की येथील न्यायालयात ज्युरींच्या खोलीत कॉन्फेडरसीचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस ह्यांची तसबीर व कॉन्फेडरसीचा झेंडा होता. एका कृष्णवर्णीय आरोपीचा निवाडा करणारे ज्युरी ह्याच खोलीत विचारविनिमयाला बसले. सर्वजण गोरे होते. त्यांनी त्याला दोषी ठरवले. डिसेंबर २०२१ मध्ये अपील न्यायालयाने खटला नव्याने चालवण्याचा आदेश दिला. ज्युरींच्या मनावर त्या खोलीचा परिणाम झाला नसेल, अशी खात्री न्यायालयाला देता आली नाही.

तसबिरी काढल्या तर इतिहास पुसला जाईल, असे काहीजण म्हणतात. ते सगळेच वाईट हेतूने बोलतात असे नाही. त्या युद्धात त्यांचेही पूर्वज मेले. शिवाय दोष कोणात नाही? जॉर्ज वॉशिंग्टन ह्यांनीही गुलाम बाळगले होते. मग कोणाकोणाच्या तसबिरी उतरवायच्या?

प्रश्न रास्त आहे. पण वॉशिंग्टन ह्यांना मान मिळतो तो देश उभारल्याबद्दल. डेव्हिस ह्यांना मिळतो तो नेमका कॉन्फेडरसीबद्दलच. इतिहास पुस्तकात राहतो, संग्रहालयात राहतो. भिंत ही मानाची जागा आहे. आपल्या आजोबांचा फोटो आपण घरात लावला तर कोणाची हरकत नसते. न्यायालय मात्र सर्वांचे असते, ज्यांच्या आजोबांना विकले गेले त्यांचेही.

वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीत कॉन्फेडरसीचे सेनापती रॉबर्ट ली ह्यांचे भव्य चित्र होते. २०२२ मध्ये ते उतरवण्याचे ठरले, २०२५ मध्ये पुन्हा लावण्याचे ठरले. त्या चित्रात मागच्या बाजूला लींचा घोडा सांभाळणारा एक गुलाम आहे. वाद होतो तो लींबद्दल. त्या गुलामाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

आपणही संस्थांच्या, सभागृहांच्या भिंतींवर तसबिरी लावतो. कोणाची लावावी हे ठरवताना एवढे जरूर विचारू या : हिच्याखालून जाताना आपल्यापैकी कोणाला मान खाली घालावी लागेल काय?