‘आपण’ की ‘आम्ही’? हवामानज्ञानाच्या भाषांतराचा नैतिक प्रश्न

हवामानबदलाचे ज्ञान इंग्रजीबाहेर नेण्याच्या कामात आज तरुणांचा वाटा मोठा आहे. २०२० साली अमेरिकेत सोफिया कियानी या तरुणीने स्थापन केलेल्या ‘क्लायमेट कार्डिनल्स’मागे इराणमधील नातेवाइकांसाठी केलेल्या फारसी भाषांतराचा अनुभव होता. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत एकही भारतीय भाषा नाही, हे ध्यानात घेता अशा कामाची आवश्यकता वादातीत आहे. वाद संभवतो तो भाषांतरकाराच्या जबाबदारीविषयी.

मराठीत पहिली अडचण शब्दाची. ‘वेदर’ आणि ‘क्लायमेट’ या दोहोंसाठी व्यवहारात ‘हवामान’ हाच शब्द रूढ असल्याने ‘हवामान बदलते आहे’ हे विधान शेतकऱ्याला नवे वाटत नाही. ते तर रोजच बदलते! वस्तुतः दीर्घकालीन अपेक्षेची जाणीव या भाषेला परकी नाही. नक्षत्रांनी पाऊस मोजणारी, पुनर्वसूच्या पावसाला ‘तरणा’ व पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’ म्हणणारी परंपरा म्हणजे अशा अपेक्षेचाच संग्रह होय. राजाराम बंधाऱ्यावरील ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी कोल्हापुरात सर्वपरिचित आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये, आश्लेषात, पंचगंगा ५५ फुटांवर गेली. जुलै २०२१ चा महापूर ‘म्हाताऱ्या’ पावसातला. परिभाषा घडवणाऱ्याने कोशाआधी हा संग्रह उघडावयास हवा.

दुसरी अडचण व्याकरणाची, म्हणून अधिक गंभीर. ‘वुई’ने पृथ्वी तापवली, असे इंग्रजी वाक्य सहज म्हणून जाते. मराठीला मात्र निवड करावीच लागते: ‘आपण’ म्हटले तर ऐकणारा दोषात सामील होतो, ‘आम्ही’ म्हटले तर तो वगळला जातो. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाकाठी, शिरोळ तालुक्यात घर बुडालेल्या शेतमजुराला ‘आपण’ म्हणण्याचा अधिकार भाषांतरकाराला कोणी दिला? ‘पृथ्वी तापवली गेली’ हा कर्मणी प्रयोग सोयीचा खरा, पण त्यात कर्ताच नाहीसा होतो. उलट, ‘त्यांनी’ म्हणून मोकळे होणेही प्रामाणिक नव्हे. हा जिल्हा उसाचा आहे. पूररेषेत बांधकामे झाली आहेत. त्यांचे कर्ते येथलेच आहेत. त्यामुळे एकाच परिच्छेदात सर्वनाम बदलणे अपरिहार्य ठरते: कर्बवायूंच्या वाक्यात ‘त्यांनी’, पूररेषेच्या वाक्यात ‘आपल्यापैकी काहींनी’. मूळ संहितेशी निष्ठा राखू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ही फारकत चूक वाटेल. परीक्षकालाही वाटण्याचा संभव आहे.