निघताना

दूरच्या प्रवासाला निघालेल्या माणसाच्या तळहातावर आपल्याकडे दही घालतात. आणि त्याने 'जातो' म्हणायचे नसते, 'येतो' म्हणायचे असते. दिवाळी आटोपून मुलेबाळे मुंबई-पुण्याला परतू लागली, की जालन्याच्या स्टेशनावर हा 'येतो, येतो'चा गजर ऐकू येतो. लहानपणी मला हा आजीचा भाबडेपणा वाटे. पुढे विमानांविषयी थोडेफार वाचनात आले तेव्हा कळले, की निघण्याची घडी मोठी नाजूक, हे तिचे म्हणणे विमानविद्येलाही मान्य आहे. उंच आकाशात चूक झाली तर ती सावरायला वैमानिकाजवळ उंची असते आणि वेळ असतो. जमीन सोडताना त्याच्यापाशी दोन्ही नसतात.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे जंबो विमान मुंबईहून दुबईला निघाले. किनारा मागे पडला आणि पुढे नुसता काळोख. पाणी कुठे संपते नि आकाश कुठे सुरू होते, ते डोळ्यांना कळेना. अशा वेळी विमान कोणत्या बाजूला किती कलले आहे, हे सांगणारे एक यंत्र वैमानिकापुढे असते. मुख्य वैमानिकापुढचे ते यंत्र नेमके तेव्हाच बिघडले आणि विमान उजवीकडे कलले आहे असे दाखवीत राहिले. त्याने ते खरे मानून विमान डावीकडे झुकवले आणि झुकवीतच गेला. दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. त्याने इतर यंत्रांकडे पाहायला हवे होते, असे चौकशीत ठरले. ते बरोबरच असेल. तथापि यंत्रच खोटे बोलले म्हटल्यावर त्या माणसाविषयी आपल्या मनात थोडी कणव उरते.

आमच्या मराठवाड्यातल्या अपघाताला असा आडोसा नाही. जालन्याहून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला जाताना शहराच्या अलीकडे चिकलठाण्याचा विमानतळ लागतो. २६ एप्रिल १९९३ रोजी भर दुपारी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग तेथून मुंबईला निघाले. आत ११८ माणसे होती. एप्रिलमधली आपल्याकडची दुपार काय असते ते वाचकांना सांगायला नको. उन्हाने हवा विरळ होते आणि विमानाला उठायला अधिक धाव लागते. धावपट्टी संपल्यावर थोड्याच अंतरावर बीडचा रस्ता आडवा जातो, आणि त्या क्षणी त्या रस्त्यावर रुईच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला एक ट्रक होता. विमान उठले, पण पुरेसे उठले नाही. त्याचे चाक ट्रकवर आदळले. पुढे काही अंतरावर ते विजेच्या तारांना धडकून जमिनीवर पडले. ५५ माणसे दगावली, ६३ वाचली.

चौकशीत दोन कारणे पुढे आली. वैमानिकांनी विमानाचे नाक उचलायला उशीर केला आणि ते चुकीच्या रीतीने उचलले, हे एक. विमान उडण्याच्या वेळी त्या रस्त्यावरची रहदारी आवरण्याचे काम ज्यांचे होते त्यांनी ते केले नाही, हे दुसरे.

माझे मन अडकले आहे ते या दुसऱ्या कारणापाशी. वैमानिकांची चूक काही क्षणांची; रस्ता मोकळा सोडण्याची चूक मात्र केवळ त्या दुपारची असेल, असे मला वाटत नाही. ट्रक कधी थोडा आधी गेला असेल, कधी थोडा मागून. आणि ज्या ज्या दिवशी काही घडले नाही, त्या त्या दिवशी कोणी चुकतो आहे असे कोणाच्या ध्यानीमनी आले नसेल. (ट्रकवाल्याचा तर यात काडीचाही दोष नाही. तो आपल्या रस्त्याने आपला माल घेऊन चालला होता. आमच्या भागात कापसाचे दिवस आले की असे ट्रक रस्तोरस्ती दिसतात.)

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वचिंतकांनी १९७६ साली या कोड्याचा ऊहापोह केला. योगायोग असा की त्यांच्याही विवेचनात एक ट्रकवाला येतो. दोघे सारखेच निष्काळजी. एकाच्या वाटेत मूल येते, दुसऱ्याच्या येत नाही. मग दोघांचे पाप सारखे, की वेगळे? कर्मावर तुझा अधिकार आहे, फळावर नाही, असे आपल्याला गीतेने शिकवले. पण दुसऱ्याला दोष देताना आपण फळाकडे पाहूनच कर्माचे माप काढतो. हे न्यायाचे नाही, असे म्हणावेसे वाटते. मात्र त्या ५५ जणांपैकी एखाद्याच्या घरी जाऊन हे वाक्य उच्चारण्याचे धैर्य मला होणार नाही. आणि तेवढ्याने माझा युक्तिवाद लंगडा पडतो, हे मी मान्य करतो.

माझीही एक गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी वर्गाची सहल घेऊन मी जांब समर्थला गेलो होतो. परतताना उशीर झाला होता, मुले दमली होती. मी कंडक्टरला म्हटले, "चला, सगळे आले." मोजली नव्हती. एस.टी. वळणावर आली तोच मागून ओरडणे ऐकू आले. दोन पोरे चपला हातात घेऊन धावत येत होती. गाडी थांबली, ती चढली, सगळे हसले, मीही हसलो. त्या रात्री मला झोप लागली, ही गोष्ट आज मला अधिक खुपते. तीच पोरे ओरडली नसती तर? अंधारात पायवाटेने निघाली असती तर? तेव्हा मी ज्या तोंडाने 'चला' म्हटले ते तोंड वेगळे नव्हते.

तेव्हापासून निघताना मी मुले दोनदा मोजतो. परवा मी दुसऱ्यांदा मोजू लागलो तेव्हा मागच्या बाकावरचा एक धीट मुलगा कंटाळून म्हणाला, "सर, आजवर कधी कोणी राहिलंय का मागं?"

मी त्याला काही बोललो नाही. मोजणी मध्येच चुकली होती. पुन्हा एकपासून सुरुवात केली.